अरुंधती दिसत नाही, असं तुम्ही म्हणाला होतात

हिराजीभाऊ,

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. हे आधी सांगून टाकते, नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन. तुम्हाला माझी सवय ठाऊक आहे. मुद्द्यावर यायचं नसलं की मी माहिती देत सुटते.

तुम्ही आत होतात, शुद्धीवर नव्हतात. बाहेरच्या बाकड्यावर सुमनवहिनी आणि मी बसलो होतो. ते तरुण डॉक्टर फाइल घेऊन आले आणि म्हणाले, "ह्यांना नजरेचा त्रास कधीपासून आहे? डाव्या बाजूचं दिसत नाही, असं कधी म्हणाले होते का?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेली मी, तुमच्याबरोबर अकरा वर्षं आकाश बघणारी मी, तेव्हा उत्तर मीच द्यायचं होतं. मी म्हटलं, "महिना-दोन महिने झाले असतील." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. वहिनी काही बोलल्या नाहीत.

खरं उत्तर होतं, एक वर्ष. कुठल्या संध्याकाळी, किती वाजता, तेही मला सांगता आलं असतं. त्या संध्याकाळी विचुंब्याला तुमच्या गच्चीवर पन्नासएक माणसं होती आणि तुमचं ऐकून ती सगळी हसली होती. त्यांना हसवलं होतं मी.

आपली ओळख त्या गच्चीमुळेच झाली. मी तेव्हा कॉलेजातून नुकती निवृत्त झाले होते. तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवल्यावर घरी बसून करायचं काय, म्हणून आकाशदर्शनाचे कार्यक्रम घ्यायचं डोक्यात घेतलं होतं. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीतून दिवेच दिवे दिसत. कोनच्या बाजूला जाऊन पाहिलं, तर तिथे एक्सप्रेस वेचा उजेड. मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही बनियनवर खाली आलात, सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "म्हंजे तुमाला फकस्त काळोख पायजे?" मी हो म्हटलं. "काळोख फुकट हाय," असं म्हणून तुम्ही मला वर घेऊन गेलात. पुढच्या अमावास्येला तुम्ही गच्चीच्या कळंबोलीकडच्या कठड्याला पाइप उभे करून काळी ताडपत्री बांधली होती. मी सांगितलंही नव्हतं.

तुमची स्वतःची हायड्रा होती. कळंबोलीच्या लोखंडाच्या बाजारात ती पिवळी, लांब मानेची क्रेन दिवसभर चालवायची आणि संध्याकाळी अंघोळ करून गच्चीवर यायचं. वसंतातल्या आकाशात सगळ्यांत लांबलचक पसरलेली ती वासुकी, तिचंही इंग्रजी नाव हायड्राच, असं मी सांगितलं तेव्हा तुम्ही खूश होऊन म्हणालात, "तरीच एवडी जागा खाते!" आणि तुमची तारे दाखवायची रीत! मी आपली अंश आणि दिशा सांगत बसायचे. तुम्ही म्हातारीच्या, पोराच्या मागे उभे राहून त्याचा हात धरायचात आणि बाजारात क्रेनवाल्याला खालून सांगतात तसं सांगायचात, "बूम वर घ्या. अजून. आता उजवीकडं, सावकास. बस!" सप्तर्षींच्या पतंगाची वाकडी शेपटी धरून पुढे गेलं की तांबूस स्वाती, तसंच पुढे गेलं की पांढरी चित्रा. हे मी फळ्यावर काढून शिकवायचे आणि तुम्ही हाताला धरून न्यायचात. माझ्या शिकवण्यावर माझा फार विश्वास होता, पण लोक रांग तुमच्यापुढे लावत.

आपण एकाच गोष्टीवरून भांडलो आणि ते भांडण कधी मिटलं नाही. एका वर्षी एक बाई आल्या होत्या, मुलाला साडेसाती होती म्हणे. त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "शनी एवढा वाईट असतो का हो?" मला काय, आयतं हातात सापडलं. मी म्हटलं, "शनीला तुमच्या मुलाचं नावसुद्धा माहीत नाही. त्याला स्वतःची कडी सांभाळता सांभाळता पुरेवाट होते." लोक हसले. शनी उगवायला अजून तासभर होता. तो उगवायच्या आधीच त्या बाई जिना उतरून गेल्या. त्यावर तुम्ही पंधरा दिवस माझ्याशी धड बोलला नाहीत. मग एकदा दुर्बीण पुसता पुसता म्हणालात, "बाई, हसून शिकवू नका. तिला कडी दावायची रायली. एकदा बगितली असती तं तिचा भ्याव तिनंच सोडला असता." मी म्हटलं, अंधश्रद्धेला असंच टोचावं लागतं. तुम्ही म्हणालात, टोचल्यावर माणूस पळतो. मी म्हटलं, पळू दे. पटलं नव्हतं तुम्हाला. आता तुमचंच खरं होतं असं म्हणायला मला कुणी विचारत नाही, म्हणून इथे म्हणते.

मागच्या वर्षीची ती चैत्रातली संध्याकाळ. आठ-साडेआठ झाले असतील. सप्तर्षी ईशान्येला चांगले वर आले होते. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला चिकटून असलेली बारीक अरुंधती, हे माझं दरवर्षीचं आवडतं ठिकाण. लग्नात नवरा-नवरीला अरुंधती दाखवतात, ते मी सांगायचे. मग सांगायचे की जुन्या माणसांचा असाही समज होता, ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचे सहाच महिने उरले. आणि त्यावर माझा ठरलेला विनोद, "तेव्हा आज ज्यांना दिसत नाही, त्यांनी वारसांना बोलावून घ्या!" इथे लोक हसायचे आणि सगळे एका सुरात ओरडायचे, दिसली, दिसली! न दिसलेलेही ओरडायचे.

हा समज तुमच्या गावातला नव्हता, भाऊ. हे मला फार टोचतं. तुम्ही तो पहिल्यांदा माझ्या तोंडून ऐकलात. माझ्या माहेरच्या पोथ्यांतून आलेली ती गोष्ट. ती तुमच्या गच्चीवर मी नेली, दरवर्षी तुमच्या लोकांना ऐकवली, आणि वर त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवू नये म्हणून तावातावाने बोलत राहिले.

त्या संध्याकाळी सगळे दिसली, दिसली म्हणत असताना दुर्बिणीपाशी उभे असलेले तुम्ही म्हणालात, "बाई, मना नाय दिसत."

काय हशा पिकला! मला वाटलं, तुम्ही मला साथ देताय, विनोद पुढे नेताय. मी म्हटलं, "झालं! वहिनींना वर बोलवा." तुम्ही हसलात, पण पुन्हा वर पाहिलंत. "खरंच नाय दिसत. मागच्या वर्सी दिसायची. आता वसिष्ठबी कवा दिसतो, कवा जातो." मी म्हटलं, "चष्मा पुसा, भाऊ." परत हशा. तुम्ही सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसलात, घातलात आणि मान वर करून तसेच उभे राहिलात. तो चष्मा पुसणारा तुमचा हात मला आता दिवसातून दहा वेळा दिसतो.

दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून तुम्ही विचारलंत, "बाई, डोल्यांचा डॉक्टर चांगला कोन हाय पनवेलमदे?" साधा प्रश्न होता. माझ्या ओळखीचे दोघे होते, दोघांचे नंबर फोनमध्ये होते. आणि मी काय बोलले? मी म्हटलं, "तुम्हीसुद्धा? दहा वर्षं माझ्याबरोबर राहून कालच्या गोष्टीला घाबरलात? डॉक्टरकडे गेलात तर मी म्हणेन, तुम्ही घाबरलात. सहा महिने थांबा आणि बघा, काहीसुद्धा होत नाही." तुम्ही म्हणालात, "बरा, बाई."

माझ्या कानाला तुमचं बोलणं ऐकूच आलं नाही. मला ऐकू आला गावातल्या माणसाच्या तोंडचा अंधविश्वास. तो ऐकायची माझी इतकी तयारी होती, इतकी वर्षं मी त्याच्यावर टपून बसले होते, की एक माणूस मला दिसत नाही म्हणाला आणि मी त्याला निर्भय व्हायचा उपदेश केला. हेच जर कुणी आमच्या सोसायटीतले निवृत्त इंजिनिअर म्हणाले असते, तर मी लगेच विचारलं असतं, मधुमेह तपासलाय का? हे लिहायला लाज वाटते. पण लाज वाटते म्हणून गाळलं तर बाकीचं सगळंच लिहिण्यात अर्थ नाही.

आणि आता आठवतं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी घरात अडकले होते. तुम्ही आणि वहिनी टेम्पोत घालून दुर्बीण आमच्या सोसायटीत आणलीत. ट्रकच्या चाकाचं बेअरिंग लावून तुम्हीच बनवलेलं ते जड बूड तुम्ही एकट्याने लिफ्टमधून गच्चीवर नेलंत. मला खुर्चीवर बसवून गुरू लावून दिलात आणि विचारलंत, "चारी चंद्र दिसतात का, बाई?" मी म्हटलं, तीन. तुम्हाला काळजी वाटली. भिंग पुसलंत, परत लावलंत, माझी खुर्ची सरकवलीत, परत विचारलंत. शेवटी मीच म्हटलं, चौथा गुरूच्या मागे गेला असेल, माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. तेव्हा कुठे तुम्ही हसलात. एक चंद्र कमी दिसला तर तुम्ही चार वेळा विचारलंत. मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही.

पावसाळ्यात कार्यक्रम बंद असतात. दिवाळीनंतर पहिल्या कार्यक्रमाला लोक जमले आणि मी आभाळाबद्दल बोलायच्या आधीच तुम्ही पुढे येऊन दोन्ही हात वर केलेत. "सहा मयने कवाच झाले! मी जिवंत हाय! बाई जिंकल्या!" टाळ्या पडल्या. मी पेढे आणले होते, ते वाटले. तुम्ही एक पेढा माझ्या हातात देऊन हळूच म्हणालात, "पन दिसत नाय अजून." मी पेढा खात हो हो म्हटलं. मी त्या वेळी कुणाला तरी कृत्तिका दाखवत होते.

तिथून मी तुम्हाला वापरायला लागले. दुसरा शब्द नाही. हिवाळाभर जिथे जिथे कार्यक्रम झाला, शाळांत, सोसायट्यांत, तिथे मी तुम्हाला बरोबर न्यायचे आणि भाषणाच्या शेवटी म्हणायचे, "हिराजीभाऊ, उभे राहा. ह्यांना अरुंधती दिसत नाही, आणि बघा, हे तुमच्यासमोर धडधाकट उभे आहेत!" टाळ्या. तुम्ही उभे राहायचात, हसून हात जोडायचात आणि खाली बसायचात. माझ्या अकरा वर्षांच्या बोलण्यापेक्षा तुमचं ते उभं राहणं लोकांना जास्त पटायचं. मी भलतीच खुशीत होते.

माघात एका शाळेच्या मैदानात उभं राहून परत बसताना तुम्ही डावीकडच्या स्टुलाला धडकलात, स्टूल पडलं, पोरं फिदीफिदी हसली. मी लगेच माईकवरून सांगितलं की अंधारात डोळे सरावायला वीस मिनिटं लागतात. त्याच सुमाराला हायड्राचा डावा आरसा बाजारात कुठेतरी घासून फुटला, तो तुम्ही बदललात आणि आठवड्यात परत फुटला. चहाचा कप तुम्ही टेबलाच्या कडेच्या बाहेर ठेवलात आणि मी म्हटलं, "लक्ष कुठे असतं तुमचं?" फाल्गुनात गुरू मिथुनेत होता, डोक्यावर, शेंबड्या पोरालाही सापडेल असा. तुम्ही दुर्बीण फिरवत होतात, फिरवत होतात. एरवी डोळ्याचं पातं लवायच्या आत लावणारे तुम्ही. रांगेतले लोक चुळबुळ करायला लागले. मी तुमच्या हातातून दुर्बीण काढून घेतली. "राहू द्या भाऊ, लोक थांबलेत." तुम्ही बाजूला झालात. नंतर तुम्ही कठड्याशी जाऊन उभे होतात, विमानतळावरून चढणारी विमानं बघत. मी गुरू लावला आणि लोकांना त्याचे पट्टे दाखवले.

एवढं सगळं माझ्यासमोर होत होतं. एखाद्या ताऱ्याची चमक जराशी कमी झाली तर ती टिपायची असते, असं मी शिकवते.

चैत्र लागून चारच दिवस झाले असतील. वहिनींचा फोन आला की तुम्ही अंगणात पडलात आणि झटके येतायत. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा तुम्हाला मशिनमध्ये घातलं होतं. मग ते डॉक्टर, तो प्रश्न आणि माझं उत्तर. नंतर त्यांनी काचेवर फिल्म लावून दाखवली. उजव्या बाजूला, मागे, लिंबाएवढी गाठ. वाईट जातीची नव्हती, म्हणाले, सावकाश वाढणारी होती. "वर्षभर आधी सापडली असती तर..." असं म्हणून त्यांनी वहिनींकडे पाहिलं आणि ते वाक्य तिथेच सोडलं. मग म्हणाले, तेव्हासुद्धा खात्री कुणी दिली नसती. मी ते दुसरं वाक्य घट्ट धरून ठेवलं. ऑपरेशननंतर रक्तस्राव झाला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात.

खोटं का बोलले, ह्याचा मी फार विचार केला आहे. भीती वाटली, हे पहिलं. दुसरं कारण मी स्वतःला मोठ्या दिमाखात सांगत होते, की खरं बोलले तर लोक म्हणतील, बघा, अरुंधती दिसली नव्हती. अकरा वर्षांचं काम पाण्यात जाईल. तत्त्वासाठी गप्प बसले, असं मी स्वतःला पटवलं. ते तत्त्वही टिकलं नाही. स्मशानात माझ्या मागे दोन माणसं बोलत होती. "बाईंनीच सांगितलावता ना, दिसली नाय तं मानूस जातो. गेला बग." माझं सगळं बोलणं लोक विसरले होते, तेवढी गोष्ट लक्षात राहिली होती. मी मागे वळून पाहिलं नाही.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी विचुंब्याला गेले. वहिनी ओटीवर चटईवर बसून तुमचे कपडे घड्या करून पिशवीत भरत होत्या. मी समोर बसले आणि जे होतं ते सांगितलं. फोनचं सांगितलं. डॉक्टरांना खोटं सांगितलं ते सांगितलं. सांगताना मी सारखी म्हणत होते की मला कळलं नाही, मला कळलं नाही, आणि मलाच ते ऐकवेना, म्हणून थांबले.

वहिनी घड्या करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मना ठाव होता, बाई. सगला ठाव होता. तुमी डॉक्टरला दोन मयने सांगितला तवा मीबी गप रायले. मना वाटला, खरा सांगितला तं डॉक्टर यांनाच बोलतील, वर्सभर काय करत होता म्हनून."

मग त्यांनी मला ते सांगितलं, जे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी माघातच तुमच्यामागे डॉक्टरचा लकडा लावला होता. आरसा दुसऱ्यांदा फुटला त्या दिवशी रडल्या होत्या. आणि तुम्ही काय म्हणालात? वहिनींनी तुमच्याच आवाजात सांगितलं. "आता कसा जाऊ? गेलो न् काय निघाला, तं बाई खोट्या पडतील. त्या मना समद्यांच्या पुढं उभा करतात. वर्स पुरा होऊ दे. चैत झाला का दावू."

वर्ष पुरं व्हायला तेव्हा दीड-दोन महिने उरले होते. तेवढे तुम्ही माझ्यासाठी थांबलात.

हिराजीभाऊ, मी तुमच्यावर रागावले त्या क्षणी. माणसाने इतकं शहाणं आणि इतकं वेडं कसं असावं, म्हणून रागावले. माझं एक भाषण पडू नये म्हणून? माझं भाषण! पडलं असतं तर मी दुसरं केलं असतं. तोंड काय माझं कधी बंद असतं का? मग राग ओसरला आणि उरलं ते हेच, की तुम्ही मला माझ्यापेक्षा बरं ओळखलं होतं. तुम्हाला ठाऊक होतं, खोटी पडणं मला सोसत नाही. शनीवाल्या बाई जिना उतरून गेल्या तेव्हापासून ठाऊक होतं. तुम्ही त्या माझ्या खोडीला सांभाळून घेत होतात, जसे दुर्बिणीच्या हलणाऱ्या बुडाखाली कागदाची घडी घालायचात तसे.

मी वहिनींना म्हटलं, मला काहीतरी बोला. त्या म्हणाल्या, "काय बोलू? बोलला तं सगलाच बोलाय लागल." पिशवीचं तोंड बांधलं आणि म्हणाल्या, "मना नका सांगू. मना ठावच होता. जे हसले त्यांना सांगा. गावभर जो तो अरुंधती, अरुंधती करतोय. यांचा मरन तेच्यात नको मना. शनवारी लोकांना वर बोलवा."

मी बोलावलं. काल शनिवार होता. ताडपत्री नीट बांधता आली नाही, एका कोपऱ्यातून कळंबोलीचा उजेड येत होता. पश्चिमेला शुक्र, त्याच्या वर गुरू, आणि उत्तरेला सप्तर्षी इतके उंच की मान मोडावी. नेहमीचे लोक होते, काही नवीन होते, स्मशानात माझ्या मागे बोलणारे दोघेही होते. मी काही दाखवलं नाही. मागच्या वर्षी काय झालं ते सांगायला सुरुवात केली, तर मध्येच एकजण म्हणाला, "म्हंजे बाई, ते खरंच हाय म्हनायचा?"

ह्या प्रश्नाची माझ्याकडे कायम दहा उत्तरं तयार असतात. मी म्हटलं, "नाही. तारा न दिसल्याने कुणी मरत नाही. हिराजीभाऊंच्या डोक्यात गाठ होती, त्यामुळे त्यांना दिसत नव्हतं. ते त्यांनी मला ह्याच जागेवर, तुमच्यासमोर सांगितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर कोण चांगला, हे विचारलं. मी त्यांना जाऊ दिलं नाही. आणि मग वर्षभर मी त्यांना तुमच्यापुढे उभं केलं." कुणी हसलं नाही. कुणी माझं सांत्वनही केलं नाही, आणि ते बरोबरच झालं.

मग मी सगळ्यांना वर बघायला सांगितलं, पतंगाची शेपटी, मधला तारा. आणि विचारलं, "अरुंधती कुणाला दिसत नाही? त्यांनी हात वर करा. मी हसणार नाही." खाली रस्त्यावरून रिक्षा गेली. मग जिन्याच्या दारापाशी एक हात वर झाला. सुमनवहिनींचा. अकरा वर्षांत त्या कार्यक्रमाला कधी वर आल्या नव्हत्या, खालीच सगळ्यांचा चहा करत असायच्या. मी त्यांच्यापाशी गेले आणि विचारलं, "आणखी काय काय दिसत नाही, वहिनी?"

"रडून रडून काय दिसनार, बाई," त्या म्हणाल्या. मग हळूच, "सुईत दोराबी जात नाय. दिवाळीपासून. मी कोनाला बोलले नाय."

उद्या सकाळी दहाची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. मी साडेनऊला त्यांना घ्यायला जाते.